उसना आवाज

१८ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मोबाइलवर टिचक्या मारायला तुला आवडत नाही आणि मला धड बोलता येत नाही, तेव्हा पत्राशिवाय गत्यंतर नाही. हे पत्र कात्री आणि टेप बाजूला ठेवून वाच. दुकानात गिऱ्हाईक उभं असेल तर त्याला बसव आणि मग वाच.

काल डॉक्टरबाईंनी तोंडातून कॅमेरा घालून माझा गळा मलाच पडद्यावर दाखवला. स्वरतंतू म्हणतात, पण तंतू वगैरे काही नसतात गं. दोन छोट्या पांढऱ्या पट्ट्या असतात, आणि माणूस बोलतो तेव्हा त्या कापडासारख्या लहरतात. माझ्या लहरत नाहीत. इतकी वर्षं पोहण्याच्या तलावाच्या काठावर उभं राहून पोरांवर ओरडले, त्याच्या गाठी झाल्या. गेल्या वर्षी त्या काढल्या, तर काढल्या जागी व्रण धरला आणि पट्ट्या कडक झाल्या. तुझ्या भाषेत सांगायचं तर कॉलरला खळ जास्त झाली. बोलायला गेलं की नुसती हवा निसटते. शेजारीण समजते की मी तिला काहीतरी गुपित सांगतेय आणि दार लावून घेते.

बाई म्हणाल्या की आता एक उपाय आहे. कानाच्या वर, केसांच्या आत लहानशी चीर द्यायची, तिथल्या स्नायूवरचा पातळ पडदा काढायचा, स्वरपट्टीत बारीकसा खिसा करायचा आणि तो पडदा त्यात सरकवायचा. व्रणाखाली असं मऊ काहीतरी आलं की पट्टी पुन्हा हलायला लागते. लागतेच असं नाही, हेही त्यांनी स्वच्छ सांगितलं. सगळं काम तोंडातून, गळ्यावर बाहेरून टाका नाही. भूल मात्र पूर्ण.

आता घोडं कुठे पेंड खातंय ते तुला कळलं असेल. अण्णा. आई साध्या ऑपरेशनला म्हणून आत गेली आणि भुलीतून उठलीच नाही. तेव्हापासून त्यांच्यासमोर ऑपरेशनचा शब्द काढला की ते उठून गॅलरीत जातात आणि अंधार पडेपर्यंत आत येत नाहीत. त्यात मागच्या हिवाळ्यात त्यांच्या छातीत दुखलं. गेल्या वर्षीचं ऑपरेशनही मी त्यांच्यापासून लपवलं. त्यांच्या लेखी मला सर्दी झालीय. दर रविवारी विचारतात की ही कसली सर्दी, जायचं नावच घेत नाही.

तर माझी मागणी ऐक. आपला आवाज एक आहे. आई स्वयंपाकघरातून ओ देताना हटकून चुकायची, आणि भावजींनी लग्न ठरल्यावर फोनवर कितीतरी वेळ माझ्याशीच गोड गोड बोलून घेतलं होतं, ते तू अजून विसरलेली नाहीस. ऑपरेशननंतर दोन-तीन रविवार तू मी हो. अण्णांचा फोन जुनाच आहे, त्यावर नंबर दिसत नाही. बुधवारी तुझ्या नेहमीच्या फोनला तू तूच. रविवारी तू मी.

सूचना लिहून ठेव. मी भरभर बोलते. मी प्रत्येक वाक्याला सल्ला जोडत नाही. औषध घेतलं का हे मी पहिल्या वाक्यात विचारत नाही, शेवटी विचारते आणि बरेचदा तेही विसरते. तलावावरच्या पोरांच्या गमती मी तुला लिहून पाठवीन, त्या सांग. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या नोकरीची एखादी गोष्ट त्यांनी काढली तर पहिल्यांदाच ऐकल्यासारखं हस. तू त्यांना मध्येच तोडतेस की ही सांगून झालीय.

नाही म्हणू नकोस. आवाज परत आला नाही तर तलावावर शिट्टी फुंकून माझं भागेल. पण अण्णांना फोनवर काय ऐकवू, शिट्टी? मला त्यांच्याशी बोलायचंय गं. बाकी कशाचं मला एवढं वाटत नाही.

लोभ तर आहेच, या खेपेला आवाजही उसना मिळावा.

तुझी
बेडकी


२६ फेब्रुवारी

चि. बेडकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा एक गृहस्थ कोटाच्या बाह्या आखूड करून घ्यायला उभे होते. तू सांगितलंस म्हणून त्यांना बसवलं आणि वाचलं. मग माप घेतलं. आता त्यांची एक बाही मनगटाला आहे आणि दुसरी पार वर. ती मला फुकटात नवी लावून द्यावी लागणार आहे, हे लक्षात ठेव.

मला खोटं बोलणं जमत नाही आणि आवडत तर त्याहून नाही. पण तू ऑपरेशनच्या टेबलावर असताना माझी फजिती व्हायला नको, म्हणून गेल्या रविवारी रंगीत तालीम केली. मशीन बंद केलं, दुकानाचं दार ओढून घेतलं आणि फोन लावला. अण्णा म्हणून हाक मारली मात्र, पलीकडून केवढा आनंद! सर्दी गेली, सर्दी गेली म्हणून त्यांनी शेजारच्या मास्तरांना हाक मारून बोलावलं. आवाज कसा मोकळा झालाय म्हणून मला त्यांच्याशीही बोलायला लावलं. मी तुझ्या त्या दोन जुळ्या भावांची गोष्ट सांगितली, एकाची परीक्षा दुसरा पोहून देतो ती. सांगता सांगता मलाच हसू आवरेना. औषधाचं शेवटी विचारलं. मग बरं, ठेवते म्हटलं आणि ठेवला. पाठ घामाने भिजली होती.

पण शहाणे, आपल्या दोघींच्या एक गोष्ट लक्षात आली नाही. तुझी सर्दी मी बरी करून बसले. आता तू मधेच घोगरा आवाज घेऊन फोन केलास तर त्यांना ती सर्दी वाटणार नाही, भलतंच काही वाटेल. म्हणजे आता पुरती बरी झाल्याशिवाय तुला फोन करता येणार नाही. मागे यायची वाट आपणच बुजवली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी येते. दुकानाला कुलूप लावीन, गिऱ्हाइकं बसतील बोंबलत. हॉस्पिटलात मी रडले तर लक्ष देऊ नकोस, आणि नाही रडले तर मनाला लावून घेऊ नकोस.

लोभ माझाही आहे, फक्त तो सल्ल्यांसकट घ्यावा लागेल.

तुझी
ताई


२० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू गेलीस आणि घर शांत झालं. मी आधीही शांतच होते, पण तू होतीस तेव्हा ते जाणवत नव्हतं.

कानावरचे टाके निघाले. केस वाढताना तिथे अशी खाज सुटते की काय सांगू. गळ्याचं म्हणशील तर आत काय चाललंय ते मला कळत नाही. बोलायची बंदी उठेपर्यंत कुजबुजायलाही मनाई होती. कुजबुजलं की पट्ट्यांना जास्त ताण बसतो म्हणे. मी पाटीवर लिहीत होते. भाजीवाल्याने मला बहिरी समजून तिप्पट आवाजात भाव सांगितले. शेवटी मी पाटीवर लिहिलं की ऐकू येतंय, तर त्याने तेही मोठ्याने वाचून दाखवलं.

तलावावर परत गेले. काचेवरची वाफ दिसली, क्लोरिनचा वास आला आणि बरं वाटलं. हातवारे आणि शिट्टी यावर वर्ग चालवते. ऐक, नवलाची गोष्ट. मी गप्प झाल्यापासून पोरंही हळू बोलायला लागली आहेत. सगळा तलाव माझ्याशी कानात बोलतो. इतकी वर्षं मी उगाच घसा फोडला की काय असं वाटायला लागलंय. ही गंमत अण्णांना सांगू नकोस हं, बाकीच्या तीन वेगळ्या कागदावर लिहिल्या आहेत.

परवा बंदी उठली. बाईंनी खोलीत बसवून अ म्हणायला सांगितलं. मी अ म्हटलं. काहीच आलं नाही, आधी निदान घोगरं काहीतरी यायचं. बाई शांतपणे म्हणाल्या की सुरुवातीला आवाज आणखी बिघडतो, नवा पडदा तिथे रुजायला महिने लागतात, वर्षही लागतं. हे त्यांनी आधीही सांगितलं असणार. मी बहुतेक नुसती मान हलवली होती.

तेव्हा दोन-तीन रविवार म्हटले होते, ते जरा लांबणार. रागावू नकोस. अण्णा काय म्हणतात ते अगदी सगळं लिही, त्यांनी मध्ये खोकलं असेल तर तेही.

लोभ वाढवायला जागा उरली असेल तर वाढवावा.

तुझी
मुकी बेडकी


७ एप्रिल

चि. बेडकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अण्णा खोकत नाहीत. गुडघा दुखतो, तो त्यांनी मला बुधवारी सांगितला नाही आणि तुला रविवारी सांगितला. आता मला तो माहीत आहे, पण माहीत असल्याचं दाखवायचं नाही. बुधवारी मी सहज म्हणून गुडघ्याला शेक घ्या म्हणाले, तर ते गप्प झाले आणि मग विचारलं की तुला कोणी सांगितलं. मी म्हटलं, बेडकीने. तर हसायला लागले. का हसले कोण जाणे.

बाकी तुझ्या नावावर मी काय काय ऐकून घेतेय त्याचा हिशेब देवाघरी होईल. गेल्या रविवारी तुझ्याकडे माझी भली थोरली तक्रार केली. मोठीने मीठ बंद केलं, मोठी मास्तरांकरवी पाळत ठेवते, मोठी फोनवर बोलत नाही तर तपासणी करते. मी तुझ्या आवाजात हो ना अण्णा, फारच आहे ती, असं म्हणत बसले. स्वतःच्याच चहाड्या स्वतःच ऐकायच्या आणि वर माना डोलवायच्या, असा प्रसंग वैऱ्यावर येऊ नये.

कालच्या रविवारी मात्र ते तुझ्याशी माझ्याबद्दल काही वेगळंच बोलले. ते मी लिहीत नाही. बरं, ठेवते म्हणून मी घाईने फोन ठेवला आणि मशीनवर जाऊन बसले. सुईत दोरा काही केल्या जाईना.

तू व्यायाम कर. बाई सांगतील तेवढंच बोल, एक अक्षर जास्त नाही. गरम वाफ घ्यायची की नाही ते त्यांना विचार, स्वतःच्या मनाने घेऊ नकोस. पाहिलंस, सल्ला द्यायचा नाही असं ठरवून बसले होते.

लोभ आहे, तो तुझ्या आणि माझ्या दोघींच्या आवाजात आहे.

तुझी
ताई


२ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आज पत्रात गमती नाहीत.

बाईंनी मला काचेच्या पेल्यात पाणी दिलंय आणि एक नळी. नळी पाण्यात बुडवून ऊऽ करत बुडबुडे काढायचे. म्हणजे पट्ट्या हळूहळू हलायला शिकतात. मी पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवते, पाण्यात तोंड घाल आणि बुडबुडे काढ. इतक्या पोरांना शिकवलं, आता मीच पहिल्या दिवसावर आलेय. सकाळी तलावावर आणि संध्याकाळी घरात, नुसते बुडबुडे.

आवाज येतो थोडा. सायकलच्या पंक्चर झालेल्या ट्यूबसारखा येतो. चार शब्द झाले की वारा निघून जातो. दुधाच्या दुकानातला मुलगा परवा म्हणाला की काकू, बोलू नका, मला कळलं. चांगल्या मनाने म्हणाला. मी घरी येऊन भांडी घासता घासता रडले.

आणि ताई, खरं सांगू? मला तुझा हेवा वाटायला लागलाय. तू लिहितेस की अण्णा पोट धरून हसले, अण्णांनी गुडघ्याचं सांगितलं. ते सगळं मला सांगितलंय, आणि मी तिथे नाही. त्यांना माझ्यापेक्षा चांगली मी मिळालीय, वेळेवर फोन करणारी, औषधाचं न विसरणारी. हा रुजवलेला पडदा वाया गेला तर मी आयुष्यभर तुझ्या तोंडून बोलू का? की एक दिवस त्यांना सांगायचं की तुम्ही बोलता ती मी नाहीच, मी ती पंक्चर झालेली? त्यापेक्षा आता सगळं थांबवावं असं वाटतं. आणि थांबवावं तर कसं, तेही कळत नाही.

त्या रविवारी ते तुझ्याबद्दल काय म्हणाले ते तरी सांग. ते तर मला सांगितलं होतं ना? माझा हक्क आहे.

लोभ असू दे, आज मागायलाही आवाज नाही.

तुझी
बेडकी


१० जुलै

चि. बेडकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आधी डोळे पूस. पुसलेस? आता माझं ऐक.

माझ्याकडे जुना कोट घेऊन माणसं येतात. वरचं कापड चांगलं असतं, आतलं अस्तर विरलेलं असतं. मी नवं अस्तर घालून देते. गिऱ्हाईक तिथेच अंगात घालतो आणि तोंड वाकडं करतो, की खांद्यात ओढतंय, हात वर होत नाही. मी सांगते की घालून वावरा, नवं अस्तर आणि जुनं कापड यांची ओळख व्हायला वेळ लागतो, आणि तोवर ओढून ओढून बघू नका, शिवण उसवेल. काही लोक तरीही ओढतात आणि परत येतात. तू त्यातली होऊ नकोस. तुझ्या गळ्यात अस्तर घातलंय. ते तुझ्याच अंगातलं आहे, परकं नाही. त्याला बसू दे.

हेव्याचं म्हणशील तर मला काय सुख लागलंय? रविवार जवळ आला की मला शनिवारपासून जेवण जात नाही. तुला वाटतं अण्णांचं प्रेम मी लुटतेय. अगं, उसन्या साडीतलं कौतुक ते. घरी येऊन उतरवून ठेवावं लागतं.

ते काय म्हणाले ते मी सांगणार नाही. तुझा हक्क आहे हे खरं, पण ते माझ्याबद्दल आहे, आणि ते त्यांनी मला सांगितलेलं नाही, तुला सांगितलंय. मी चोरून ऐकल्यासारखं झालं. तू बरी हो आणि त्यांच्याच तोंडून ऐक. बघ, तुला बरं व्हायला आणखी एक कारण दिलं.

मध्ये सोडायचं नाही. मी आहे. मला लाख कंटाळा येवो, रविवारी फोन जाईल.

लोभ आहे, ओढून बघू नये, उसवणार नाही.

तुझी
ताई


१३ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

लहरली! ताई, लहरली!

आज पुन्हा कॅमेरा घातला. लुकलुकणाऱ्या उजेडात पट्ट्या हळू चालीत दिसतात, तशा दिसल्या. डाव्या पट्टीच्या कडेने एक छोटीशी लाट गेली. मग उजवीच्या. वारा नसलेल्या दिवशी तलावात एक पोर हळूच उतरलं की पाण्यावर येते ना, तेवढीच. डॉक्टरबाई दरवेळी दगडासारख्या बसतात, त्यांनी आज खुर्ची मागे सारली आणि हसल्या. मला एक परिच्छेद वाचायला दिला. मी शेवटपर्यंत वाचला, मध्ये वारा संपला नाही.

पण एक आहे. आवाज आलाय, तो आपला नाही. खालच्या पट्टीतला आहे, जाडसर, कडेला जरा खरखर. बाई म्हणतात की अजून थोडा सुधारेल, पण पहिल्यासारखा बारीक होणार नाही, हाच माझा. ऐकताना दुसरीच कोणी बाई खोलीत आली असं वाटतं. वाईट नाही ती बाई, पण तिला मी ओळखत नाही. मग अण्णा कसे ओळखतील?

खूप विचार केला. आता तुझ्या आड लपून काही मिळायचं नाही. या रविवारी तू फोन करू नकोस. मी करणार. आधी पत्र लिहून त्यांना समजावून सांगावं असंही वाटलं, पण मग त्यांना फोन येईपर्यंत गॅलरीत उभं राहावं लागेल. त्यापेक्षा जे व्हायचं ते फोनवरच होऊ दे.

लोभ या आठवड्यात दुप्पट लागेल, तजवीज करावी.

तुझी
बेडकी


१९ ऑक्टोबर, रविवार

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आत्ताच झालं. फोन ठेवून लगेच लिहायला बसले.

फोन त्यांनी लगेच उचलला. मी अण्णा म्हटलं. एवढंच. त्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणते, त्यावरून काय कळणार? ते थोडं थांबले आणि फार अदबीने म्हणाले की कोण बोलतंय आपण, कोण हवंय. मला आपण म्हणाले गं! तयार केलेलं सगळं भाषण घशातच राहिलं. गळ्याचा दोष नव्हता, गळा ठीक होता. रडूच फुटलं. ठेवून द्यावा असं वाटलं, पण हातून ठेववेना. मी तशीच उभी, रिसीव्हर कानाला. त्यांनीही ठेवला नाही. पलीकडे त्यांच्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

मग ते अगदी हळू म्हणाले की बेडके, किती महिन्यांनी फोन केलास गं.

ताई, किती महिन्यांनी! गेल्या रविवारी तर मी त्यांना फोन केला होता ना?

मग मी सगळं सांगितलं. गाठी, व्रण, भूल, कानावरची चीर. ते गॅलरीत गेले नाहीत. फोनची वायर तिथवर पोचत नाही, हे त्यांनीच मागून सांगितलं. मध्ये मध्ये नाक ओढत होते. माझा आवाज त्यांनी दोनदा पुन्हा बोलून दाखवायला लावला. म्हणाले की झाडाला करतात तसं कलम दिसतंय, फळ निराळ्या चवीचं येणार, त्यात काय. तुझ्याबद्दल मी विचारलं, तर म्हणाले की मोठीला मी स्वतः लिहितोय.

लोभ होता, तो पुरला. बाकीचा परत करायला मी पुढच्या आठवड्यात येतेय.

तुझी
बेडकी


२० ऑक्टोबर

चि. मोठीस,
अनेक आशीर्वाद.

एका हातात भिंग धरून लिहितोय, तेव्हा ओळी वर-खाली होतील.

बेडकीने काल सगळं सांगितलं. मला पहिल्याच रविवारी कळलं होतं. आवाजावरून नाही, आवाजाला मी साफ फसलो. सर्दी गेली म्हणून मास्तरांना बोलावलं ते खरंच आनंदाने. पण मग तू बरं, ठेवते म्हणालीस आणि ठेवलास. बेडकीने जन्मात कधी मी सांगितल्याशिवाय फोन ठेवलेला नाही. आमच्या एक्स्चेंजची शिस्त अशी की ज्याने फोन लावला त्याने आधी ठेवायचा. म्हणून मी ठेवत नाही, आणि तिला ठेववत नाही. मग दर रविवारी बोलणं संपल्यावर आम्ही नुसतेच कानाला लावून बसतो आणि शेवटी मीच म्हणतो की ठेव बघू आता. तिने तुला हे सांगितलं नसणार, तिला स्वतःला ते ठाऊक नाही. त्या दिवशी कानात एकदम टूं टूं वाजायला लागलं. मी रिसीव्हर हातात धरून बसलो. वाटलं की बेडकीचं काही बरंवाईट झालंय आणि मोठी ते झाकतेय.

का विचारलं नाही म्हणशील. विचारायचा धीर झाला नाही. त्याऐवजी मी तुझं हसू ऐकत होतो. तू पोरांच्या गमती सांगताना तुला मध्येच खरं हसू यायचं. बहिणीचं वाईट झालं असतं तर तुला तसं हसता आलं नसतं, एवढं मी तुला ओळखतो. हसतेय ना, मग पोर आहे, पुढचा रविवार गाठू, असं करत आठ महिने काढले. ज्या रविवारी हसली नसतीस त्याच दिवशी मी गाडीत बसलो असतो. मी गॅलरीत जातो म्हणून तुम्ही मला सांगत नाही. यापुढे सांगा. मी खुर्चीत बसून ऐकेन.

आता दुसरं. तुझ्याबद्दल जे रविवारी बोललो, ते बेडकी समजून बोललो नाही. तुझी आई गेली तेव्हा तू कॉलेज सोडून शिवणयंत्रावर बसलीस. धाकटीला पोहायला धाडलंस, मला जेवायला वाढलंस, आणि आपल्याला काय हवं होतं ते कधी बोलली नाहीस. मी तुला एका शब्दाने शाबासकी दिली नाही. बुधवारी सांगायला जावं, तर तू औषध विचारतेस, मीठ विचारतेस आणि ठेवतेस. तू दुसरी होऊन आलीस तेव्हाच तुला गाठता आलं. ते सगळं तुला होतं. खोटं एक अक्षर नव्हतं.

मिठाबद्दल जे बोललो तेही खरंच होतं.

लोभ तुझ्यावर पहिल्यापासून आहे, त्याला बुधवारी जरा फोनवर थांबू द्यावं.

तुझे
अण्णा


२३ ऑक्टोबर

चि. बेडकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अण्णांचं पत्र काल सकाळी आलं. सोबत पाठवतेय, वाचून परत कर, हरवलंस तर याद राख. त्या रविवारी ते काय म्हणाले ते त्यात आहे. तुझा हक्क पुरा झाला.

काल बुधवार. मशीन बंद केलं, इस्त्री तशीच राहिली. फोन लावला. दोघंही जसं काही पत्र आलंच नाही असं बोललो. गुडघा विचारला, मास्तर विचारले, पाऊणएक गोष्ट एक्स्चेंजची ऐकली, आणि बेडके, ती मला माहीत होती तरी मी तोडली नाही. मग बोलायचं संपलं. बरं, म्हटलं. हात सवयीने खाली गेला. तो परत कानाशी आणला.

पलीकडे घड्याळ वाजत होतं, तू लिहिलंस तसंच. इकडे इस्त्रीची वाफ. एक बाई झगा घेऊन आत आल्या, त्यांना मी हातानेच बसायला सांगितलं. मग अण्णांनी घसा खाकरला आणि ते सगळं पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून, मला, मोठे अशी हाक मारून. मला औषधाचं विचारायचं सुचलं नाही. मी नुसतं हो अण्णा म्हणत राहिले, माझ्याच आवाजात, आणि समोरच्या बाईंनी मला त्यांचा रुमाल दिला.

शेवटी ते म्हणाले की मोठे, ठेव बघू आता.

मी ठेवला नाही. म्हटलं, अजून थोडा वेळ.

तू येशील तेव्हा तुझा तो जाडसर आवाज मला पोटभर ऐकव. आता आपल्याला कोणी एक समजायचं नाही, याचं मला जरा वाईट वाटलं होतं. आता वाटत नाही. रविवारी तू तूच, बुधवारी मी मीच.

लोभ आहे, आणि तो माझ्या स्वतःच्या नावावर आहे.

तुझी
ताई